२^१२७ − १ ही मूळ संख्या आहे हे भागाकारातून का कळत नाही, आणि मग कळतं कसं

प्रश्न थोडक्यात असा: १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७ ही ३९ अंकी संख्या, म्हणजे २^१२७ − १ (दोनाचा १२७ वा घात, वजा एक), तुम्ही पायथनमध्ये १ कोटीपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहिलीत. एकानेही निःशेष भाग गेला नाही. मग २ हा पाया घेऊन फर्माची कसोटी लावलीत (२ चा 'संख्या वजा एक' इतका घात संख्येने भागायचा; संख्या मूळ असेल तर बाकी १ येते), बाकी १ आली. तुम्हाला विचारायचंय ते तीन गोष्टींबद्दल: संख्या मूळ असल्याचं सिद्ध झालं का, १८७६ साली कॉम्प्युटर नसताना कुणी हे हाताने कसं केलं, आणि की-एक्स्चेंजच्या, म्हणजे दोघांनी उघड्या वाटेवरून एकच गुप्त किल्ली ठरवण्याच्या, प्रोग्रॅममध्ये ही संख्या घेऊन २ हा जनरेटर (ज्याचे घात काढले जातात ती संख्या) ठेवला तर चालेल का.

आधी उत्तरं सांगून टाकतो. सिद्ध झालं नाही. हाताने करता आलं, कारण त्यात भाजक शोधावाच लागत नाही. आणि की-एक्स्चेंजसाठी ही संख्या वापरू नका; २ हा जनरेटर घेऊन तर मुळीच नको. संख्या मूळ आहे हे खरं, पण ते तुमच्या दोन कसोट्यांतून निघत नाही.

तुमची खरी अडचण मला अशी दिसते की तुम्ही या संख्येकडे फक्त 'खूप मोठी संख्या' म्हणून बघताय. मोठेपणाने इथे काहीच ठरत नाही. ठरतं ते तिच्या शेजारावर, म्हणजे तिच्याहून एकाने मोठी आणि एकाने लहान असलेल्या संख्यांचे अवयव आपल्याला माहीत आहेत का यावर. मोठी शेजारीण २^१२७ आहे, तिच्यात २ सोडून दुसरा मूळ अवयवच नाही. या संख्येबद्दल जे काही सोपं वाटतं, त्यातलं बरंचसं इथून येतं. पुढे लिहायला सोपं जावं म्हणून २^१२७ − १ ला 'म' म्हणतो.

तुमच्या कसोट्या कुठे कमी पडतात ते बघायला त्या जशाच्या तशा २^६७ − १ वर चालवा, म्हणजे १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ वर. १ कोटीपर्यंत एकाही मूळ संख्येने भाग जाणार नाही. २ पाया घेतलेली फर्माची कसोटीही पास होईल. तरी ती मूळ नाही: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ असे तिचे अवयव आहेत, लहान अवयवच १९ कोटींच्या पुढे. हे अवयव फ्रँक नेल्सन कोल यांनी १९०३ मध्ये मांडले. त्याआधी मर्सेन यांनी १६४४ मध्ये २५७ पर्यंतचे जे घातांक मूळ संख्या देतात म्हणून छापले, त्यांत ६७ होता. त्या यादीत ६७ आणि २५७ चुकीचे आहेत. ६१, ८९ आणि १०७ राहून गेलेत. २^२५७ − १ चा सर्वांत लहान भाजक ५३५००६१३८८१४३५९ आहे, म्हणजे १५ अंकी. कोटीपर्यंत भागून तिथे काय हाती लागणार?

फर्माच्या कसोटीचं दुखणं जास्त खोल आहे, आणि ही चूक अनुभवी प्रोग्रॅमरही करतात. २^प − १ या रूपाच्या संख्येने (अशा संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात) भागताना २^प ची बाकी १ येते, हे तर उघडच आहे. आता प मूळ असेल तर फर्माच्याच प्रमेयाने २^प − २ ला प ने भाग जातो. म्हणजे 'संख्या वजा एक' हा घातांक प च्या पटीत असतो, आणि १ चा कोणताही घात १ च. त्यामुळे घातांक मूळ असलेली प्रत्येक मर्सेन संख्या २ च्या पायावर पास होते, मूळ असो वा नसो. मिलर-राबिन ही फर्माच्या कसोटीचं जास्त कडक रूप असलेली कसोटीही २ च्या पायावर इथे तशीच फसते. २^११ − १ = २०४७ = २३ × ८९ ही त्याची सर्वांत लहान साक्ष. पाया ३ घेतला की २०४७ लगेच पकडली जाते. म्हणून मर्सेन संख्यांवर २ हा पाया कधीच घेऊ नये. त्याने काहीच कळत नाही, 'बहुधा मूळ' एवढंसुद्धा नाही.

आता भागाकाराबद्दल. भाग द्यायचाच असेल तर निदान योग्य संख्यांनी द्या. समजा भ ही मूळ संख्या म ला भागते. मग भ ने भागल्यावर २^१२७ ची बाकी १ येते. २ चा असा सर्वांत लहान घात, ज्याची बाकी १ येते, तो १२७ चा भाजक असला पाहिजे; १२७ मूळ आहे आणि घात १ असू शकत नाही, म्हणून तो १२७ च. फर्माच्या प्रमेयाने भ − १ ला १२७ ने भाग जातो, आणि भ विषम असल्याने २ नेही. म्हणजे भ = २५४क + १. दुसरी अट: २^१२८ ची बाकी २ येते, म्हणजे भ ने भागून उरणाऱ्या बाक्यांच्या जगात २^६४ हे २ चं वर्गमूळ आहे. असं वर्गमूळ असायला भ ला ८ ने भागून बाकी १ किंवा ७ यावी लागते. दोन्ही अटी जोडल्या की क ला ४ ने भागून बाकी ० किंवा १ असलेलेच क उरतात.

हे हाताने करून बघा, मजा येते. क = १ ला २५५ मिळते, संयुक्त. क = ४ ला १०१७ = ९ × ११३. क = ५ ला १२७१ = ३१ × ४१. क = ८ ला २०३३ = १९ × १०७. क = ९ ला २२८७, आणि ही मूळ आहे. म्हणजे म ला भागून बघण्याजोगी पहिली मूळ संख्या २२८७. तिच्याआधीच्या सगळ्या मूळ संख्यांना बघायचीही गरज नव्हती. १ कोटीपर्यंत ६,६४,५७९ मूळ संख्या आहेत. तुम्ही त्या सगळ्या वापरल्यात, पण कामाच्या त्यांतल्या अंदाजे २६००, दर अडीचशेत एक.

एवढं गाळूनही भागाकाराने सिद्धता होत नाही. म चं वर्गमूळ सुमारे १.३ × १०^१९ आहे आणि तिथपर्यंत जावं लागेल. सेकंदाला १ कोटी भागाकार धरले, तर सगळ्या विषम संख्यांना २० हजार वर्षांच्या वर लागतील. वरच्या दोन अटी लावल्या तर साधारण ८१ वर्षं. सुधारणा मोठी आहे, पण उपयोग शून्य.

उपयोग होतो तो लूकास-लेमर कसोटीचा. ४ पासून सुरुवात करा. प्रत्येक पायरीला हातातल्या संख्येचा वर्ग करा, २ वजा करा, आणि मर्सेन संख्येने भागून बाकी ठेवा. घातांक प असेल तर अशा प − २ पायऱ्या. शेवटी बाकी शून्य आली तर संख्या मूळ, नाही आली तर संयुक्त. 'बहुधा' हा शब्द दोन्ही बाजूंना नाही. २^७ − १ = १२७ वर करून पाहा: ४, १४, मग १९४ ची बाकी ६७, मग ४४८७ ची बाकी ४२, मग १७६२ ची बाकी १११, मग १२३१९ ला १२७ ने बरोबर ९७ वेळा भाग जातो, बाकी ०. पाच पायऱ्या झाल्या, १२७ मूळ. २०४७ वर नऊ पायऱ्या: ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शून्य नाही, म्हणून संयुक्त. तुमचा प्रोग्रॅम आधी या दोन रांगा हुबेहूब देतो का ते बघा, मगच १२७ घातांकाकडे जा. तिथे १२५ पायऱ्या लागतात आणि पायथनला त्यासाठी डोळ्याचं पातं लवण्याइतकाही वेळ लागत नाही.

आता हे चालतं का, ते कळल्याशिवाय 'सिद्ध झालं' म्हणण्यात अर्थ नाही. कारण वाटतं त्याहून छोटं आहे. क + ख√३ अशा संख्या घ्या (क आणि ख पूर्णांक; वरच्या भाजकांतला क वेगळा). २ + √३ आणि २ − √३ यांचा गुणाकार १ येतो. त्यांची बेरीज ४, त्यांच्या वर्गांची बेरीज १४, चौथ्या घातांची १९४; म्हणजे आपली रांग हीच. १२५ व्या पायरीला बाकी शून्य आली याचा अर्थ, २ + √३ चा २^१२६ वा घात −१ आणि २^१२७ वा घात १. आता समजा म संयुक्त आहे. तिचा सर्वांत लहान मूळ भाजक भ घ्या. मग भ² हा म पेक्षा मोठा असू शकत नाही. क आणि ख दोन्ही भ ने भागून बाक्या धरल्या तर क + ख√३ अशा संख्या एकूण भ², शून्य सोडून भ² − १. पण २ + √३ चे घात घेत गेलो तर १ परत येण्याआधी २^१२७ वेगवेगळ्या संख्या मिळायला हव्यात, म्हणजे म + १ इतक्या. घरात जागा जास्तीत जास्त म − १, आणि पाहुणे म + १. हे शक्य नाही, म्हणून भ अस्तित्वातच नाही. यात मोठी शेजारीण कुठे आली ते लक्षात आलं असेल. म + १ हा २ चा शुद्ध घात आहे म्हणून 'बरोबर २^१२७ वेगळ्या संख्या' हे एका शून्यावरून ठरवता आलं. म + १ चे अवयव माहीत नसते तर हा डाव बसला नसता.

प्रोग्रॅममध्ये कुठे चुकतं ते सांगतो, कारण सिद्धांत कळूनही लोक इथे अडकतात. पहिली चूक दशांश संख्यांची. स्प्रेडशीटमध्ये किंवा साध्या फ्लोटमध्ये २^१२७ नेमका राहतो, पण त्यातून १ वजा केला की तो एक हरवतो आणि तुम्ही २^१२७ चीच तपासणी करत बसता. पायथनचे पूर्णांक हवे तेवढे मोठे होतात, त्यामुळे दोन ताऱ्यांनी घात काढा. घाताच्या जागी चुकून दशांश संख्या आली की खेळ संपला. जावास्क्रिप्टमध्ये बिग-इंट वापरा. दुसरी चूक: प्रत्येक पायरीला बाकी न काढता शेवटी काढू म्हणणं. वर्गाने अंक दर पायरीला दुप्पट होतात. विसाव्या पायरीलाच सुमारे ६ लाख अंकी संख्या हातात येते. तिसरी, पायऱ्यांची मोजणी: १२५ हव्यात, १२६ किंवा १२७ नाही. एक पायरी जास्त झाली तर शून्याच्या जागी −२, म्हणजे म − २ दिसतं आणि माणूस घाबरतो. चौथी चूक सी भाषेत होते. वर्गाची बाकी ० किंवा १ असताना २ वजा केले की ऋण संख्या येते, आणि चिन्हरहित प्रकारात ती भलतीच मोठी होऊन बसते. वजा करण्याआधी म मिळवून घ्या.

भागाकार टाळायची सोयही याच रूपातून मिळते. द्विमान पद्धतीत म म्हणजे ओळीने १२७ एक्के. कोणतीही मोठी संख्या म ने भागून बाकी हवी असेल तर खालचे १२७ बिट बाजूला काढा, उरलेले वरचे बिट उचलून त्यांत मिळवा; गरज पडली तर पुन्हा एकदा. कारण २^१२७ ची बाकी १ आहे, वरच्या भागाची किंमत तेवढीच राहते. दशमानात ९ ने भागताना अंकांची बेरीज करतो, त्याचंच हे भावंड. एक सावधगिरी: या पद्धतीत उत्तर कधी ० ऐवजी म येतं. शेवटच्या तपासणीत दोन्ही शून्यच समजा. आणि सी मध्ये १२८ बिटच्या चिन्हांकित पूर्णांकात मावणारी सर्वांत मोठी संख्या म्हणजे म च, त्यामुळे त्यात साधी बेरीजही ओसंडते. गुणाकार तर २५४ बिटांपर्यंत जातो. ६४-६४ बिटांचे तुकडे करून चार गुणाकार करावे लागतात.

१८७६ चं कोडं आता सुटतं. एदुआर लूकास यांनी १२७ अंकी द्विमान संख्यांचे वर्ग, म्हणजे बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटीत सोंगट्या मांडून-हलवून करण्याजोगं काम, सव्वाशेच्या आसपास वेळा केलं. वर्ग म्हणजे सरकवून बेरीज, बाकी म्हणजे वरचा भाग खाली दुमडणं. भागाकार कुठेच नाही. कष्ट प्रचंड, पण एका माणसाच्या आवाक्यातले. १२७ ला ४ ने भागून बाकी ३ येते, म्हणून इथे ४ ऐवजी ३ पासूनही सुरुवात चालते: ३, ७, ४७… या लूकास संख्यांच्याच मालिकेतल्या संख्या. १२७ वर हे केलं तर ३, ७, ४७, ४८, १६, ०. आजचं सुटसुटीत रूप डी. एच. लेमर यांनी १९३० मध्ये दिलं. ब्रह्माच्या मनोऱ्याचं, म्हणजे हनोईच्या मनोऱ्याचं कोडंही याच लूकास यांचं, १८८३ सालचं. न चकत्यांना २^न − १ चाली लागतात. १२७ चकत्या रचल्या तर चाली बरोबर म.

म ही पुढे १९५१ पर्यंत माहीत असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या होती, ७५ वर्षं. त्या वर्षी फेरिये यांनी यांत्रिक गणनयंत्रावर (२^१४८ + १) / १७ ही ४४ अंकी मूळ संख्या काढली. मिलर आणि व्हीलर यांनी केंब्रिजच्या एडसॅक कॉम्प्युटरवर १८० × म² + १ ही ७९ अंकी. या दुसऱ्या संख्येचं रूप बघा. तिच्यातून १ वजा केला की १८० × म² उरतं, सगळे अवयव आधीच हातात. इथे धाकटी शेजारीण कामाला आली. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सापडलेली २^१३६२७९८४१ − १ ही ४,१०,२४,३२० अंकी संख्यासुद्धा अखेर लूकास-लेमरनेच पक्की केली.

इथे एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे हे मान्य केलं पाहिजे. तुमच्याकडे दुसरी एखादी ३९ अंकी संख्या असेल, जिला असं कुठलंच रूप नाही, तर वरची कसोटी लागूच पडत नाही. तिथे आधी मिलर-राबिन, दहा-वीस यादृच्छिक पाये घेऊन. संयुक्त असेल तर बहुतेक पहिल्याच पायावर कळतं. पक्की सिद्धता हवी तर पारी-जीपी या गणिती प्रोग्रॅमचं 'इज-प्राइम' चालवा, एवढ्या आकाराला ते क्षणात उत्तर देतं. कुणीतरी तुम्हाला आयआयटी कानपूरच्या अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांची २००२ ची एकेएस कसोटी सुचवेल. सिद्धांत म्हणून ती फार मोठी गोष्ट आहे, कारण कोणत्याही संख्येला ती बहुपदी वेळात निश्चित उत्तर देते. पण प्रत्यक्ष कामाला ती कुणी वापरत नाही, खूप हळू आहे.

आता की-एक्स्चेंज. इथे धाकटी शेजारीण घात करते. म − १ चे सगळे अवयव माहीत आहेत:

म − १ = २ × ३^३ × ७^२ × १९ × ४३ × ७३ × १२७ × ३३७ × ५४१९ × ९२७३७ × ६४९६५७ × ७७१५८६७३९२९

सर्वांत मोठा अवयव ११ अंकी, जेमतेम ३७ बिटांचा. म ने भागून बाक्यांच्या जगात डिस्क्रीट लॉगरिदम काढायचा असेल, म्हणजे बाकीवरून गुप्त घातांक शोधायचा असेल, तर पोहलिग-हेलमन पद्धतीने तो प्रत्येक अवयवापुरता वेगळा काढता येतो आणि शेवटी जोडता येतो. सर्वांत अवघड तुकड्याला वर्गमूळाएवढं काम लागतं, म्हणजे २ लाख ७८ हजारांच्या आसपास पायऱ्या. साध्या लॅपटॉपवर हे चहा होईपर्यंतही चालत नाही. त्यात जनरेटर २ घेतला तर कहरच: २ चा १२७ वा घात १ आहे, त्यामुळे तुमची गुप्त किल्ली कितीही अंकी असो, बाहेर जाणारी संख्या फक्त १२७ पर्यायांपैकी एक. यादी करून बघितली की संपलं. आणि हे अवयव नसते तरी १२७ बिट आजच्या मानाने फारच कमी आहेत. निदान २०४८ बिटांचा प्रमाणित गट घ्या, ज्यात (मूळ संख्या − १) / २ हीसुद्धा मूळ असते. म च्या बाबतीत ते अर्धं म्हणजे २^१२६ − १, ज्याचे तुकडे वर दिसतातच.

याचा अर्थ ती क्रिप्टोग्राफीत निरुपयोगी असा मात्र काढू नका. सुरक्षितता बाक्यांच्या गुणाकारावर टेकलेली नसून दुसऱ्या कशावर असेल, तर झटपट बाकी काढता येणं हा मोठा गुण ठरतो. फोर-क्यू ही लंबवर्तुळी वक्राची रचना, २०१५ सालची, नेमकी याच म वर उभी आहे. शमीर पद्धतीने गुपित अनेकांत तुकड्यांनी वाटून ठेवायलाही म चालते, कारण तिथे डिस्क्रीट लॉगरिदमचा संबंधच नाही. फक्त गुपित म पेक्षा लहान हवं. एईएस या एन्क्रिप्शन पद्धतीची १२८ बिटची किल्ली निम्म्या वेळा यात मावत नाही, आणि बाकी काढल्यावर वेगळीच किल्ली परत मिळते. त्यासाठी २^५२१ − १ घ्या. हॅशिंगसाठी बहुधा म पेक्षा २^६१ − १ सोयीची, कारण गुणाकार १२८ बिटांत मावतो; ६४ बिटच्या मशीनवर पायथन स्वतः अंकांच्या हॅशसाठी तीच वापरतं.

वर्गमूळांची सोय तर विशेष आहे. म ला ४ ने भागून बाकी ३ येते, त्यामुळे एखाद्या बाकीचं वर्गमूळ हवं असेल तर तिचा (म + १) / ४ वा घात घ्यायचा, आणि तो आहे २^१२५ वा. म्हणजे १२५ वेळा नुसता वर्ग, मध्ये एकही वेगळा गुणाकार नाही. शेवटी उत्तराचा वर्ग करून ताळा बघा: सुरुवातीची बाकी परत आली तर ते वर्गमूळ, उणे चिन्हाने आली तर मुळात वर्गमूळच नव्हतं. २ साठी हे करायचीही गरज नाही. २^६४ चा वर्ग २^१२८, म्हणजे बाकी २.

जनरेटर, म्हणजे जिच्या घातांतून शून्य सोडून सगळ्या बाक्या मिळतात अशी संख्या, खरोखर हवाच असेल, अभ्यासापुरता, तर वरच्या यादीतला प्रत्येक वेगळा मूळ अवयव घेऊन (तसे १२ आहेत) उमेदवाराचा (म − १) / अवयव इतका घात काढा. एकाही ठिकाणी बाकी १ आली नाही तर तो जनरेटर. २ हा १२७ सोडून प्रत्येक अवयवाला नापास होतो, कारण १२७ हा म − १ मध्ये एकदाच येतो.

जुळी मूळ संख्या आहे का, असंही तुम्ही ओझरतं विचारलंय. नाही. म − २ चा शेवट ७२५ ने होतो, ५ ने भाग जातो. म + २ म्हणजे २^१२७ + १, ३ ने भाग जातो. पण त्या तिसऱ्या हिश्श्याची गंमत आहे: (२^१२७ + १) / ३ ही ३८ अंकी संख्या स्वतः मूळ आहे. शिवाय म ही बारावी मर्सेन मूळ संख्या, त्यामुळे २^१२६ × म ही ७७ अंकी परिपूर्ण संख्या होते, म्हणजे स्वतः सोडून तिच्या सगळ्या भाजकांची बेरीज तिच्याएवढीच येते.

राहिला तुमचा शेवटचा मुद्दा, घातांकाच्या जागी म ठेवून २^म − १ तपासता येईल का. २, ३, ७, १२७, म अशी ही साखळी आहे, प्रत्येक संख्या पुढच्याचा घातांक, आणि पाचही मूळ. पुढची कडी मूळ आहे की नाही हे कुणालाच माहीत नाही. तिला सुमारे ५ × १०^३७ अंक आहेत, त्यामुळे लूकास-लेमरची एक पायरीही लिहून ठेवायला जागा नाही. तिथे फक्त भाजकांची युक्ती चालते. भाजक असलाच तर तो २क × म + १ या रूपाचा, आणि क ला ४ ने भागून बाकी पुन्हा ० किंवा १. क = १ आणि क = ४ दोन्ही ३ ने उडतात, म्हणून विचारात घेण्याजोगा पहिला उमेदवार १० × म + १, म्हणजे ४० अंकी. तपासणी मात्र सोपी: २ चा म वा घात त्या उमेदवाराने भागून बाकी १ येते का बघा, पायथनचं तीन आर्ग्युमेंटचं पॉव फंक्शन ते करतं आणि प्रत्येक उमेदवाराला सव्वाशेच्या आसपास वर्ग पुरतात. आजवर कुणालाही भाजक सापडलेला नाही, आणि शोध लहान क च्या फार पुढे गेलाय, तेव्हा सापडेल या आशेने नाही, पण कोड बरोबर चालतोय का हे बघायला आधी घातांक ११ घ्या: क = १ ला २३ आणि क = ४ ला ८९ मिळायला हवेत.